ग्राफवरून घातांकी समीकरण काढलं पण जुळतच नाहीये? आधी हे तपासा

परवा सकाळी साडेसातला भाचीचा मेसेज आला, ती न्यूजर्सीला असते, तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले आणि होमवर्क दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. "मावशी, वर्गमुळाच्या आत मायनस येतोय, काय करू?" मी ग्राफ न बघताच विचारलं की उभ्या अक्षावर एक चौकोन म्हणजे किती. दोन मिनिटं शांतता, मग नुसता कपाळावर हात मारलेला इमोजी.

मी घरी अकरावी-बारावीच्या ट्युशन घेते आणि हा एक प्रकार दर वर्षी, दर बॅचला, त्याच पाच-सहा जागी बिघडतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय म्हणजे पुढच्या वेळी लिंक फेकता येईल.

खुणा ठरवून घेऊ. एक्स-वाय ऐवजी मी क्ष आणि य लिहिते, मराठी शाळेची सवय. समीकरण असं:

य = अ × ब^क्ष + त

^ ही टोपी म्हणजे पॉवर. ब हा पाया. अ हा पुढचा गुणक. आणि त म्हणजे तळ, म्हणजे ती आडवी रेषा जिच्याजवळ ग्राफ जात राहतो पण टेकत नाही, पुस्तकात अनंतस्पर्शी, वर्गात सगळे असिम्प्टोट म्हणतात. कधीकधी ग्राफ खाली लोंबत असतो आणि ही रेषा छतासारखी वर असते, तरी अक्षर तेच.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे

- दिलेल्या दोन्ही बिंदूंतून समीकरण बरोबर जातं, पण डावीकडची शेपटी ग्राफच्या खाली घसरते.
- एका बिंदूला जुळतं, दुसऱ्याला उत्तर भलतंच मोठं येतं.
- क्ष = ० टाकल्यावर ग्राफपेक्षा थोडं जास्त येतं, आणि ते "थोडं" नेमकं तळाएवढं असतं.
- ब मायनस येतो, किंवा वर्गमुळात मायनस अडकतो.
- ग्राफ उतरतोय आणि तुमचं समीकरण चढतंय.
- सगळं नीट केलं, पण पुस्तकाच्या मागचं उत्तर वेगळंच दिसतंय.
- तिसरा बिंदू काही केल्या बसत नाही.

आता तपासण्या. फुकटातल्या आणि दहा सेकंदांच्या आधी, डोकं लागणाऱ्या नंतर. उलट क्रमाने जाऊ नका, मी स्वतः एकदा अर्धा तास लॉग करत बसले होते आणि शेवटी कळलं की मी ५ ला ६ वाचलेलं.

पहिली: अक्षांवरचे आकडे वाचा, चौकोन मोजू नका

एक चौकोन म्हणजे १ असं आपण गृहीत धरतो. छापणाऱ्याने उभ्या अक्षावर एक चौकोन म्हणजे २ किंवा ५ किंवा ५० घेतलेलं असतं, कारण घातांकी ग्राफ इतका भराभर वर जातो की १-१ ने घेतलं तर कागद पुरणार नाही. आडव्या अक्षाला मात्र १ च असतो, त्यामुळे अजूनच फसायला होतं.

भाचीचं हेच झालं. तिच्या ग्राफवर (०, ४) आणि (२, ८.५) हे बिंदू आकड्यांसकट छापलेले, आणि वर एक तुटक रेषा. रेषेवर आकडा नव्हता म्हणून तिने चौकोन मोजले, पाच आले, त = ५ घेतला. एक चौकोन २ चा होता, म्हणजे त = १०. आता ५ घेऊन काय होतं बघा (दोन्ही य मधून त वजा करून मग भागायचं, का ते पुढे येतंच): ४ − ५ = −१, ८.५ − ५ = ३.५, भागाकार −३.५, आणि त्याचं वर्गमूळ काढायला बसली बिचारी. १० घेतलं की ४ − १० = −६, ८.५ − १० = −१.५, भागाकार १/४, अंतर २ घरांचं म्हणून वर्गमूळ, ब = १/२. य = −६ × (१/२)^क्ष + १०. संपलं.

ह्यातून एक कायमची खूण मिळते: भागाकार मायनस आला की ब शोधायचं थांबवा, चूक त मध्ये आहे (किंवा एखादा बिंदू चुकीचा वाचलाय). कारण सरळ आहे, घातांकी ग्राफ आपल्या तळरेषेच्या एकाच बाजूला राहतो, ती ओलांडत नाही. तुमचा एक बिंदू रेषेच्या वर आणि एक खाली येत असेल तर ती रेषाच खोटी आहे.

याच तपासणीत अजून एक, उभ्या अक्षावर १, १०, १००, १००० असे आकडे समान अंतरावर असतील तर तो लॉग स्केलचा ग्राफ आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या केसेसचे असे ग्राफ सगळीकडे दिसायचे. त्यावर घातांकी वाढ चक्क सरळ रेषा दिसते, आणि मुलं ते बघून य = मक्ष + क लावून मोकळी होतात.

दुसरी: तळ शोधा, आणि तो शून्य आहे असं धरू नका

माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्याहून जास्त वह्यांमध्ये बिघाड इथेच असतो, म्हणून जरा रेंगाळते.

एक ग्राफ घ्या: तुटक रेषा २ वर, ग्राफ उभ्या अक्षाला ५ वर कापतो, आणि (२, १४) मधून जातो. आता समजा मुलाने तुटक रेषेकडे बघितलंच नाही. तो म्हणतो अ = ५, मग ५ × ब^२ = १४, ब^२ = २.८, ब साधारण १.६७३. दोन्ही बिंदू टाकून बघतो, दोन्ही जुळतात! खूश. क्ष = १ ला पण त्याचं ८.३७ येतं आणि ग्राफवर ८ आहे, डोळ्याला फरक कळत नाही. पण डावीकडे जा, क्ष = −३ ला त्याचं उत्तर १.०७ येतं आणि ग्राफ २.३७५ वर आहे, २ च्या खाली तो ग्राफ कधी जाणारच नाही. हेच ते पहिलं लक्षण, शेपटी खाली घसरणं. शेपटी घसरली की ९९ टक्के तळ विसरलाय.

खरं समीकरण काढायला पहिलं काम म्हणजे सगळ्या य मधून त वजा करा, बाकी काहीही करायच्या आधी. ५ − २ = ३, १४ − २ = १२. आता हा साधा, तळ शून्य असलेला ग्राफ झाला: ० ला ३, २ ला १२. आणि अ = ३, पाच नाही. इथे तिसरं लक्षण जन्मतं, मुलं अ = ५ पण ठेवतात आणि शेवटी + २ पण करतात, मग क्ष = ० ला ७ येतं. उभ्या अक्षावर जे दिसतं ते अ नसतं, ते अ + त असतं. हे मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते, तरी पेपरात होतंच.

तुटक रेषा काढलेली नसेल तर ग्राफ ज्या टोकाला सपाट होतोय तिथे पट्टी आडवी ठेवा आणि अक्षावर कुठे येते बघा. ग्राफच सपाट व्हायच्या आत संपत असेल तर ते पुढे, शेवटच्या तपासणीत.

तिसरी: भागा, वजा करू नका, आणि अंतर विसरू नका

सरळ रेषेची सवय इतकी मुरलेली असते की हात आपोआप १२ − ३ करतो. सरळ रेषा प्रत्येक पावलाला तेवढंच *मिळवते*, घातांकी ग्राफ प्रत्येक पावलाला तेवढ्याच *पटीने* जातो, म्हणून भागाकार.

१२ ÷ ३ = ४. आणि इथे दुसरा खड्डा: ब = ४ लिहून टाकतात. अहो पण तुम्ही ० वरून २ वर गेलात, दोन पावलं टाकलीत, चौपट ही दोन पावलांची मिळून आहे. एका पावलाची पट २. ब = ४ ठेवलंत तर क्ष = २ ला ५० येईल, ग्राफवर १४ आहे, हेच ते "भलतंच मोठं" वालं लक्षण. दोन घरं अंतर असेल तर वर्गमूळ, तीन असेल तर घनमूळ, दहा असेल तर दहावं मूळ.

तर आपलं उत्तर य = ३ × २^क्ष + २. आणि कृपा करून ३ × २ गुणून ६^क्ष करू नका, पॉवर फक्त २ ची आहे, ३ ची नाही.

० वरचा बिंदू दिलाच नसेल तर घाबरायचं नाही. (१, ६) आणि (३, ५४), तळ शून्य: भागाकार ९, अंतर २, ब = ३. मग एक पाऊल मागे या म्हणजे ३ ने भागा, अ = २.

चौथी: दिशा

ग्राफ डावीकडून उजवीकडे तळरेषेच्या जवळ येत असेल तर ब एकपेक्षा लहान, लांब जात असेल तर मोठा. चढतोय का उतरतोय यावरून ठरवू नका, कारण भाचीचा ग्राफ चढत होता आणि ब १/२ होता, ४ वरून ८.५ वर पण छताच्या जवळ जात जात.

उलटं उत्तर येण्याचं कारण जवळपास नेहमी एकच, भागाकार उलटा केला. नंतरच्या बिंदूला आधीच्याने भागायचं, मोठ्याला लहानाने नाही. (०, ८) आणि (३, १), तळ शून्य, असेल तर १ ÷ ८, घनमूळ १/२. आणि १/२ ची पॉवर क्ष काय किंवा २ ची पॉवर −क्ष काय, एकच, त्यावरून भांडू नका.

पाचवी: तिसरा बिंदू

मी याला तीस सेकंदांचा विमा म्हणते आणि कोणीही काढत नाही. ज्या दोन बिंदूंवरून समीकरण काढलं ते जुळणारच, त्यात कौतुक काय, ते वापरूनच काढलंय ना. *न वापरलेला* बिंदू घ्या, शक्यतो डावीकडचा. आपल्या उदाहरणात क्ष = १ ला ८ आणि क्ष = −१ ला ३.५, ग्राफवर बघा, आहे.

दोन बिंदू किती फसवतात ते दाखवते. (२, ४) आणि (४, १६). २^क्ष यातून जातो. क्ष चा वर्ग, म्हणजे साधा पॅराबोला, तो पण यातूनच जातो! क्ष = ३ घेतलं की एकाचं ८ आणि दुसऱ्याचं ९, क्ष = ० ला एकाचं १ आणि दुसऱ्याचं ०. तिसऱ्या बिंदूशिवाय ग्राफ घातांकी आहे की नाही हेच कळत नाही.

मोबाईलवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा उघडून समीकरण टाकलं तरी चालेल, फुकट आहे, डोळ्याला लगेच कळतं. फक्त बोर्डाच्या पेपरात ते नसणार, म्हणून हाताने करायची सवय असू द्या.

सहावी: पुस्तकातलं उत्तर वेगळं दिसतंय

बऱ्याचदा बिघाड नसतोच. तुमचं आलं ४ × २^क्ष, पुस्तकात २^(क्ष + २). एकच आहे हो, २ चा वर्ग बाहेर काढला की ४. तळ शून्य असलेला ग्राफ डावी-उजवीकडे सरकवणं आणि त्याला अ ने गुणणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, त्यामुळे "ग्राफ किती सरकलाय" ह्याचं एकच उत्तर नसतं आणि मुलं ते शोधत बसतात. फिजिक्सवाले तर पाया २.७१८ वाला ई घेऊन लिहितात, तेही तेच, फक्त पॉवरमध्ये एक गुणक येतो. शंका असेल तर दोन्हीत तीन वेगवेगळे क्ष टाका, तिन्हीला सेम आलं की झोपा.

सातवी: मूळ काढताना लॉग टेबल घसरलं

बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल. समजा दहा घरांत ०.६२५ पट झाली, तर दहावं मूळ हवं. ०.६२५ चा लॉग बार १ पॉइंट ७९५९. आता याला १० ने भागायचं. मुलं बार तसाच ठेवून ७९५९ ला भागतात आणि बार १.०७९६ लिहून पुढे जातात, अँटीलॉग ०.१२. एका घरात बारा टक्केच उरतात म्हणे! बार फक्त त्या १ वर आहे, म्हणजे −१ + ०.७९५९. तो −१ दहाने भागला जावा म्हणून −१० + ९.७९५९ असं लिहा, मग भागा: −१ + ०.९७९६, अँटीलॉग ०.९५४. पडताळा सोपा आहे, दहा पावलांत मिळून जरा कमी झालं तर एका पावलात अगदीच थोडं कमी व्हायला हवं, म्हणजे ब १ च्या जवळ.

आठवी, सगळ्यात अवघड: तळ दिसतच नाही

ग्राफ सपाट व्हायच्या आधीच संपलाय. इथे एक युक्ती आहे पण जपून. समान अंतरावरचे तीन बिंदू घ्या. चहाचा कप ठेवला, तापमान मोजलं: सुरुवातीला ८८ डिग्री, १० मिनिटांनी ६४, २० मिनिटांनी ४९. फरक घ्या: −२४ आणि −१५. दुसऱ्याला पहिल्याने भागा, ०.६२५, ही दहा मिनिटांची पट. (फरक घेतला की त आपोआप कटतो, म्हणून हे चालतं.) आणि तळ:

त = (पहिला × तिसरा − मधल्याचा वर्ग) ÷ (पहिला + तिसरा − २ × मधला)

४३१२ − ४०९६ = २१६, खाली १३७ − १२८ = ९, त = २४. खोली २४ डिग्री, जानेवारीत पटण्यासारखं. तळ वजा केला की ६४, ४०, २५, बघा कसे सुंदर पटीत आहेत. तापमान = ६४ × ०.९५४^मिनिटं + २४ (०.९५४ म्हणजे ०.६२५ चं दहावं मूळ, सातव्या तपासणीत काढलेलं).

आता जपून का ते. मधलं तापमान ६४ ऐवजी ६५ वाचलं, एकच डिग्री, थर्मामीटर तिरका धरला तरी होईल. वर ४३१२ − ४२२५ = ८७, खाली १३७ − १३० = ७, त = १२.४. खोलीत बारा डिग्री! स्वेटर घालून बसलेले नाही आहोत आपण. एका डिग्रीच्या चुकीने तळ जवळपास बारा डिग्री सरकला, कारण खालचा भाजक एवढासा आहे. म्हणून छापील, स्वच्छ आकड्यांच्या ग्राफलाच ही युक्ती वापरा, आणि खरा चहा असेल तर सरळ खोलीचं तापमान मोजा.

बिंदू निवडताना पण हेच लक्षात ठेवा, ग्राफ चौकटीच्या रेषांच्या छेदावरून नेमका जातो तेच बिंदू घ्या, आणि सपाट शेपटीतले घेऊ नका. तिथे तळापासूनची उंची ०.४ वगैरे असते, डोळ्याने ०.२ चुकलं की अर्धी चूक झाली.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

पहिल्या पाच तपासण्या झाल्या, तळ नक्की आहे, तरी तिसरा आणि चौथा बिंदू बसत नाही. थांबा. तो घातांकी ग्राफ नसेलच, किंवा आधी घातांकी वाढून मग वर सपाट होणारा असेल, इंग्रजी एसच्या आकाराचा. अ आणि ब ला मुरगळून तो बसणार नाही, सरांना दाखवा.

प्रॅक्टिकलची रीडिंग्ज असतील, कपॅसिटर डिस्चार्ज किंवा कूलिंग, आणि ठिपके विखुरलेले असतील तर दोन ठिपके निवडून समीकरण काढणं चूकच आहे, कुठलेही दोन घेतले तरी वेगळं उत्तर येईल. तळ माहीत असेल तर तो वजा करून सेमी-लॉग कागदावर (ज्याचा उभा अक्ष लॉग स्केलचा असतो) मांडा आणि सगळ्या ठिपक्यांमधून रेषा काढा, लॅबच्या मॅडम दाखवतील. तळ माहीत नसेल तर स्टॅटिस्टिक्सवाल्या माणसाकडे जा, हे काम हाताने करायचं नाही.

आणि ग्राफ औषधाच्या रक्तातल्या प्रमाणाचा असेल, कोणाला पुढचा डोस कधी द्यायचा वगैरे, तर समीकरण काढूच नका, डॉक्टरांना फोन करा. विचारलंय मला एकांनी, म्हणून लिहितेय.

मला किंवा कोणालाही ग्राफ पाठवणार असाल तर फोटो सरळ वरून काढा, तिरका नको. दोन्ही अक्षांवरचे आकडे फोटोत येऊ द्या, दर वेळी तेच कापलेले असतात. आणि तुमचं चुकलेलं समीकरण पण पाठवा, खोडू नका, ग्राफ बघण्याआधी मी तेच बघते.